'स्लो हॉर्सेस'चा पहिला भाग संथ वाटला. मालिका पुढे पाहावी का?

अवश्य पाहावी. पहिला पाठलाग आवडला, पण नंतर कचरा चिवडण्यात वेळ दवडल्यासारखे वाटले, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते मालिकेचे मर्म त्या कचऱ्यातच आहे.

२०२२ साली आलेल्या या ब्रिटिश हेरमालिकेच्या आरंभी रिव्हर कार्टराइट हा तरुण हेर लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर एका संशयिताचा माग काढतो. निळा सदरा आणि आत पांढरा टी-शर्ट, की नेमके उलट, एवढ्या गोंधळात सावज निसटते. संध्याकाळी ठाणे स्थानकाच्या पुलावर सोबतच्या माणसाला नजरेआड न होऊ देण्याची धडपड ज्याने केली आहे, त्याला हा प्रसंग मुळीच अतिरंजित वाटणार नाही. तो केवळ सराव होता, हे उघड झाल्यावर रिव्हरची रवानगी स्लाउ हाउसमध्ये, म्हणजे नापास ठरलेल्या हेरांच्या अडगळीत होते, आणि तेथे तो एका पत्रकाराच्या घरचा ओला कचरा जमिनीवर पसरून तपासत बसतो. हेरगिरीतील अपमान इतक्या जवळून क्वचितच दिसतो. भोक पडलेला मोजा घालून त्याला टाकून बोलणारा तेथील वरिष्ठ लॅम्ब गॅरी ओल्डमन यांनी अप्रतिम उभा केला आहे.

पहिल्या हंगामात सहाच भाग आहेत. अपहरणाचा धागा दुसऱ्या भागापासून वेग घेतो.