अर्पण : हप्ता, क्यूआर कोड आणि मोजणी

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. हातात ४२,००० पगार येतो, त्यातले १८,००० घराच्या हप्त्यात जातात. दशांश (मिळकतीचा दहावा भाग) कशावर काढायचा? शिवाय मंडळीत (चर्चमध्ये) आता क्यूआर कोड लावलाय. मोबाइलवरून पाठवलेले पैसे म्हणजे उपासनेतलं अर्पण होतं का? – एक भगिनी

उत्तर : पूर्ण पगाराचा दशांश ४,२०० होतो, हप्ता वजा करून २,४००. दशांशाची आज्ञा जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रातली. नव्या करारात प्रेषित पौल मंडळीला टक्का ठरवून देत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवावं, असं सांगतो (१ करिंथ १६:२). जवळ असेल त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नसेल त्या मानाने नाही (२ करिंथ ८:१२). म्हणून २,४०० पासून सुरुवात करताना मनाला टोचणी नको. हप्ता थकवून किंवा क्रेडिट कार्डावर उचलून अर्पण देऊ नका. सासूबाईंची औषधं थांबवूनही नाही. ‘कुर्बान’ (म्हणजे ‘हे देवाला वाहिलंय’) म्हणत आईबापांना टाळणाऱ्यांना येशूने चांगलंच फटकारलं आहे (मार्क ७).

पगार जमा होईल त्याच संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसून रक्कम ठरवा, प्रार्थना करा आणि ती वेगळी काढा. ‘महिनाअखेरीस उरेल ते देऊ’ म्हटलं की किराणा आणि शाळेची फी भागवता भागवता काही उरत नाही. मग उपासनेत अर्पणाची थैली पुढ्यात आली की खिसा चाचपायचा आणि हाताला लागेल ती नोट टाकायची! आराधनेची तयारी घरीच व्हायला हवी, ती इथे राहूनच जाते.

क्यूआरबद्दल शंका नको. पौल कैदेत असताना फिलिप्पै शहरातल्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली. देणारे दूर, पोचवणारा तिसराच, तरी पौल तिला देवाला मान्य असा यज्ञ आणि सुगंध म्हणतो (फिलिप्पै ४:१८). पैसे शनिवारी पाठवा. चिठ्ठीवर तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहा आणि अर्पणाच्या गीताच्या वेळी ती थैलीत टाका. लहान मुलाच्या हातून टाकली तर फारच छान, कारण आईबाबा देतात हे मोबाइलमुळे मुलांना दिसेनासं झालंय. पैसे पाठवण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं, तर थांबा आणि खजिनदारांना विचारा.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या मंडळीत अर्पण एकटे खजिनदारच मोजतात. बदल सुचवला तर अविश्वास वाटेल का? – पंचकमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) सदस्य

उत्तर : सुचवाच. एवढ्या मोठ्या देणगीच्या कामात कुणी दोष लावू नये म्हणून पौलानेही सोबत माणसं दिली होती (२ करिंथ ८:२०-२१). उपासना संपताच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं, नोटांची फोड वहीत लिहावी आणि दोघांनी सही करावी. सोमवारी सगळी रक्कम बँकेत भरावी. फुलांचे किंवा चहाचे पैसे थैलीतूनच भागवू नयेत. वहीतला आकडा आणि बँकेची पावती तिथेच जुळेनाशी होते.