ज्यू प्राथमिक शाळेत हनुक्का कसा साजरा करतात? पाहुण्यांनी घरचा खाऊ नेला तर चालतो का?

शेजारच्या मुलीच्या शाळेत हनुक्काचं, म्हणजे ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचं, आमंत्रण आलंय, लाडू करून न्यावेत का आणि हा सण दिवाळीसारखाच असतो का, असं तुम्ही विचारलंय. मी न्यू जर्सीतल्या अशाच एका शाळेत गणित शिकवते, म्हणून आधी लाडवांचं सांगते: नेऊ नका. तुमच्या लाडवांत खोट नाही, पण तुमचं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांप्रमाणे चालणारं, नाही. त्यामुळे पदार्थ शुद्ध शाकाहारी असला तरी बहुतेक ज्यू शाळांत चालत नाही. न्यायचंच असेल तर कोशरचा शिक्का असलेलं बंद पाकीट न्या, तेही शाळेच्या ऑफिसात विचारून.

हे प्रकरण किती बारीक असतं ते बघा. हनुक्काला मुलांना सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी वाटतात, त्याला गेल्ट म्हणतात. त्या दिवशी जेवणात चिकन असेल तर मांसानंतर दुधाचं चॉकलेट लगेच खाता येत नाही, म्हणून बिनदुधाची नाणी आणायची. पहिलीतली पोरंसुद्धा पाकीट उलटंपालटं करून त्यावर ‘पारेव्ह’, म्हणजे ना दुधाचं ना मांसाचं, असं लिहिलंय का ते बघतात!

धर्माच्या हिशेबात हनुक्का तसा लहान सण. मोठ्या सणांना काम वर्ज्य, लिहिणंसुद्धा वर्ज्य, त्यामुळे शाळा बंदच असते. हनुक्काला कामाची मनाई नाही. अमेरिकेतल्या या शाळा सणाचे बरेचसे दिवस चालू असतात आणि मग सगळी हौस वर्गातच फिटते. (आजूबाजूला नाताळचा झगमगाट असतो, तेही एक कारण आहेच.)

नाटुकलं बहुधा असतंच. ग्रीक राजा अँटायोकसच्या फौजेशी लढून मक्काबींनी, म्हणजे बंड करणाऱ्या ज्यू लढवय्यांनी, जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं आणि इ.स.पू. 164 मध्ये ते शुद्ध करून घेतलं. तिथल्या दिव्याचं एका दिवसापुरतं तेल आठ दिवस पुरलं, अशी कथा आहे. अँटायोकसच्या फौजेत हत्ती होते, त्यामुळे आमच्याकडे मक्काबींचा पुढारी यहूदा मक्काबी व्हायला मुलं एक वेळ तयार नसतात, पण हत्तीसाठी मारामारी!

मग दिवे. लाकडी पट्टीवर बोल्टचे नट चिकटवून मुलं स्वतःची हनुक्किया, म्हणजे हनुक्काचं नऊ मेणबत्त्यांचं दिवठाण, बनवतात. नटाच्या भोकात मेणबत्ती नीट बसते. आठ घरं आणि नववं, जरा उंचावर, शमाशचं. दिव्यांच्या उजेडात काम करायचं नाही, फक्त बघायचं, म्हणून पेटवायला हा वेगळा दिवा. मेणबत्त्या उजवीकडून खोचत जायच्या, पण पेटवताना सुरुवात डावीकडच्या, म्हणजे सगळ्यात नव्या मेणबत्तीपासून. एकापासून आठपर्यंतची बेरीज 36, रोजचा शमाश धरून 44. दुकानातल्या खोक्यात बरोबर 44 मेणबत्त्या असतात. माझा तिसरीचा तास त्यावर निघतो. ड्रेडल या चौकोनी भोवऱ्यावरही निघतो, त्याच्या चार बाजूंना चार हिब्रू अक्षरं असतात: ‘गिमेल’ पडलं तर सगळा डाव तुमचा, ‘हे’ पडलं तर अर्धा, ‘नून’ पडलं तर काही नाही, ‘शिन’ पडलं तर पदरचं घालायचं.

खायला लाटके, म्हणजे बटाट्याचा कीस, कांदा आणि अंडं घालून तळलेल्या चपट्या टिक्क्या. तुम्ही अंडं खात नसाल तर आधीच सांगा. डोनटही असतात, त्यांतही अंडं असू शकतं.

दिवाळीशी साम्य म्हणाल तर दिवे, आणि या आठ दिवसांतही मध्ये अमावास्या येते. बाकी फराळ, फटाके, नवे कपडे यांची अपेक्षा ठेवू नका. मुलीसाठी भेटवस्तू नेलीच पाहिजे असंही नाही.

एक महत्त्वाचं: गेटवर सुरक्षारक्षक असतो आणि यादीत नाव नसेल तर आत सोडत नाहीत. शेजाऱ्यांना तुम्हा सगळ्यांची नावं आधीच कळवायला सांगा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.