राहतो न्यू जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कला. राज्याचा इन्कम टॅक्स दोनदा भरायचा का?

रिटर्न दोन, पण त्याच पगारावर पूर्ण टॅक्स दोनदा जात नाही. आधी न्यूयॉर्कचा अनिवासी रिटर्न, म्हणजे आयटी-२०३, पुरा करा. तिथे बसलेल्या टॅक्सचं क्रेडिट मग न्यू जर्सीच्या निवासी रिटर्नमध्ये, म्हणजे एनजे-१०४० मध्ये घ्या. मात्र न्यू जर्सीने त्या पगारावर जेवढा टॅक्स लावला असता, तेवढ्यापुरतंच ते मिळतं.

खरी मेख वर्क फ्रॉम होमची. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात बसून काम केलेले दिवसही, ते निव्वळ तुमच्या सोयीसाठी असतील तर, न्यूयॉर्क आपलेच धरतं. हा नियम मला जाचकच वाटतो.

नोकरी पेनसिल्व्हेनियात असती तर दोन राज्यांतल्या करारामुळे पगारावर राज्याचा टॅक्स फक्त न्यू जर्सीचा; पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापू नये म्हणून कंपनीला आरईव्ही-४१९ फॉर्म द्यायचा. नोकरी फिलाडेल्फियात असेल तर त्या शहराचा वेतनकर तरीही कापला जातोच.