ऑटिस्टिक मुलांना बारकावेच दिसतात, एकंदर चित्र दिसत नाही, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. बारकावे आधी दिसतात, हे खरं. एकंदर चित्र दिसतच नाही, हे मात्र खरं नाही. ते उशिरा दिसतं, आणि एकेक तपशील जोडत खालून वर बांधावं लागतं. मला ३६व्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं आणि १४ वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते आहे. त्यामुळे हे मी आतून सांगते आहे.

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौथीत आहे. पोळ्याच्या गोष्टीत एका बैलाची शिंगं हिंगुळाने रंगवली होती आणि दुसऱ्याची तशीच होती, हे त्याला पक्कं आठवतं. पण "गोष्ट कशाबद्दल होती?" असं विचारलं की तो गप्प बसतो. आणि बाई म्हणाल्या, "या मुलांना एकंदर समजतच नाही."

ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं आहे. मागच्या वर्षी चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर काकूने विचारलं, "कसं वाटलं गं घर?" मला बोलता येईना. तोवर मला दिसलेलं असं होतं: भर दुपारी पॅसेजमधला दिवा चालू होता, होमाचा धूर छताशी तसाच थांबला होता, सगळे पडदे एकाच बाजूच्या भिंतींना होते, आणि एका स्विचबोर्डाच्या चार स्क्रूंपैकी एक वेगळ्या रंगाचा होता. यातलं महत्त्वाचं कुठलं आणि किरकोळ कुठलं, हे त्या वेळी कळत नव्हतं. सगळ्यांचं वजन सारखंच होतं. रात्री एसटीतून परतताना ते जुळलं: त्या घरात हवा आरपार खेळायला दुसरी बाजूच नाही. स्क्रूचा तपशील आपोआप गळून पडला. काकूच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण सात तासांनी.

ऑटिझमचा सुरुवातीचा एक सविस्तर अभ्यास बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर लिहिला. ही मुलं ठोकळ्यांच्या एखाद्या वेड्यावाकड्या मांडणीतला एक ठोकळा जरी कमी-जास्त झाला तरी लगेच ओळखत, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं. पुढे लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ साली त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं. मिळालेले तुकडे आपसूक एका अर्थात ओवून टाकण्याची जी ओढ बहुतेक माणसांत असते, ती ऑटिस्टिक माणसांत कमी असते, असा तो सिद्धान्त. त्याआधी त्यांनी आणि मार्गारेट स्नोलिंग यांनी मुलांना अशी वाक्यं वाचायला दिली होती, ज्यांतल्या एका शब्दाचा उच्चार संदर्भावरूनच ठरतो. मराठीत तसा शब्द सांगायचा तर 'जग'. "पाण्याचा जग भर" आणि "सारं जग झोपलंय" यांतला 'ज' वेगळा, पण अक्षर एकच. उरलेलं वाक्य विचारात घेतल्याशिवाय तो नीट उच्चारता येत नाही, आणि ऑटिस्टिक मुलं तिथे अडखळत होती.

बाईंनी ऐकलेलं बहुधा इथपर्यंतचंच असावं. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं आहे. फ्रिथ यांनीच फ्रान्सेस्का हॅपे यांच्याबरोबर २००६ साली मांडणी बदलली: ही उणीव नसून कल आहे, आणि मुद्दाम लक्ष दिलं तर त्यावर मात करता येते. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो १९९९ सालचा, केट प्लेस्टेड आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. कल्पना करा, बारीक बारीक 'क' मांडून एक मोठा 'म' काढलाय. काय बघायचं ते न सांगता विचारलं, तर ऑटिस्टिक मुलांचं लक्ष बारीक अक्षरांकडे ओढलं जायचं. पण "मोठं अक्षर बघा" असं आधीच सांगितलं, की मोठं अक्षर त्यांनाही इतर मुलांसारखंच दिसायचं. पुढे २०१५ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी अशा ५६ शोधनिबंधांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात बारकावे टिपण्यात सरसकट वरचढपणाही आढळला नाही आणि एकंदर चित्र न दिसणंही आढळलं नाही. आढळला तो वेळ. एकंदर चित्र पकडायला जास्त वेळ लागतो, आणि मधले तपशील लक्ष ओढत असतील तर आणखीच.

हे वाचलं त्या दिवशी मी रडले होते. आठवीत सारांशलेखनाला मला १० पैकी २ गुण मिळायचे, शेरा असायचा 'आकलन नाही'. मला उताऱ्यातलं एकही वाक्य गाळता यायचं नाही, कारण कुठल्या कसोटीवर गाळायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. आकलन होतं. कादंबरीची मुद्रितं तपासताना आजही पहिल्या वाचनात मला विचाराल "कशी आहे?" तर सांगता येत नाही. पण ३१व्या पानावर आटलेल्या विहिरीतून १८०व्या पानावर कुणी पाणी शेंदलं, तर ते मला सापडतं, आणि दुसऱ्या वाचनानंतर त्या पुस्तकाबद्दल मी तासभर बोलू शकते. असं खालून बांधलेलं आकलन सहजासहजी ढासळत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन, ज्या स्वतः ऑटिस्टिक आहेत, सांगतात की लहानपणी त्या कुत्रा आणि मांजर आकारावरून वेगळे ओळखायच्या. मग शेजाऱ्यांकडे बुटका डॅक्सहुंड जातीचा कुत्रा आला आणि ती खूण मोडली. तेव्हा त्यांनी निरखून निरखून नवी खूण शोधली: सगळ्या कुत्र्यांच्या नाकाची ठेवण सारखी असते. 'कुत्रा' ही कल्पना त्यांच्याकडे एकेका कुत्र्यावरून पोचली.

सगळे ऑटिस्टिक असेच असतात असं मात्र समजू नका. आमच्या गटातला एकजण पुऱ्या व्यवस्थेचा आराखडा आधी पकडतो आणि तपशिलात चुकतो, तिकीट भलत्याच तारखेचं काढतो. तुमच्या मुलाचं नक्की कसं आहे, हे त्याच्याकडे बघूनच ठरवा.

माझ्या बाबतीत उपयोगी पडलं ते हे. वाचायच्या आधी प्रश्न सांगा: "आज आपण बघायचं की गोष्टीच्या सुरुवातीला काय होतं आणि शेवटी काय बदललं." मग त्याला आठवेल ते एकेका चिठ्ठीवर लिहू द्या, कितीही बारीक असो. "हे कशाला?" म्हणू नका. चिठ्ठ्या जमिनीवर मांडून कुठली कुठलीजवळ जाते ते त्यालाच ठरवू द्या. उत्तर लगेच मागू नका, रात्री झोपताना किंवा दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना विचारा. बाईंनाही एवढंच सांगा की त्याला वेळ हवा आहे आणि काय शोधायचं ते आधी कळायला हवं आहे.

आणि आज घरी गेल्यावर त्या बैलांबद्दल विचारा. पोळ्याला एकाची शिंगं रंगवली आणि दुसऱ्याची का नाही रंगवली? गोष्टीचं टोक त्याने आधीच धरून ठेवलेलं आहे. त्याला काय वाटतं ते इथे कळवलंत तर मला वाचायला फार आवडेल.