ओन्डान्सेट्रॉन घेऊनही बोट का लागली?

तुम्ही विचारलंय की मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना ओन्डान्सेट्रॉनची, म्हणजे उलटी थांबवणारी, गोळी घेतली, तरी होडीत उलटी झालीच. मग ‘ही गोळी सेरोटोनिनच्या रिसेप्टरला चिकटते’ म्हणजे नक्की काय होतं?

मी इथेच मेडिकलच्या काउंटरवर असतो, त्यामुळे ही तक्रार सीझनमध्ये नेहमीची. तुमच्या गोळीने तिचं काम केलं होतं. उलटी दुसऱ्या वाटेने आली.

सेरोटोनिन म्हणजे शरीरात निरोप नेणारं रसायन, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवरची त्याची बसायची जागा. आधी ‘चिकटणं’ बघू. हा फणसाचा चीक नव्हे, की हाताला तेल लावल्याशिवाय सुटायचा नाही. रेणू येतो, बसतो, सुटतो, पुन्हा बसतो. सेरोटोनिनचे रिसेप्टर चौदाएक प्रकारचे, सात कुळांतले. ओन्डान्सेट्रॉन बसतं ते तिसऱ्या कुळात, ५-एचटी३ वर. बाकीची सहा कुळं पेशीच्या आत निरोप पोचवतात. हे एकच कुळ म्हणजे सरळ दार आहे. पाच प्रथिनं गोलाकार उभी, मध्ये वाट. शेजारच्या दोन प्रथिनांच्या सांध्यात एक खोबण असते आणि तिच्या भिंतींना ट्रिप्टोफॅन, टायरोसिन या अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या विटांची) वलयं. सेरोटोनिनच्या शेपटीच्या नायट्रोजनवर धन प्रभार असतो. वलयांवरचा इलेक्ट्रॉनांचा ढग त्याला ओढून धरतो. सेरोटोनिन नीट बसलं की खोबणीची झडप मिटते, दार उघडतं, सोडियम आत घुसतं आणि मज्जातंतू मेंदूकडे ओरडतो.

ओन्डान्सेट्रॉन त्याच खोबणीत बसतं, पण दार उघडत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. जागा अडली, प्रवास मात्र कुणाचाच नाही. (आणि गर्दी फारच झाली तर रुमाल बाजूला सारून बसणारेही असतात, सेरोटोनिन खूप वाढलं तर इथेही तसंच होतं.)

केमोथेरपीत आतड्याच्या पेशी सेरोटोनिन ओततात आणि ते पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवरची हीच दारं उघडतं. म्हणून तिथे ही गोळी छान चालते.

बोट लागते तेव्हा भानगड कानात असते. आतला कान म्हणतो हलतोय, डोळे म्हणतात बाकड्यावर बसलोय. हा गोंधळ मुख्यतः दुसऱ्याच निरोप्या रसायनांच्या, म्हणजे हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलीनच्या रिसेप्टरवरून उलटीच्या केंद्राकडे जातो. ५-एचटी३ वर कितीही रुमाल टाका, ती गाडी त्या स्टँडवर येतच नाही. आंबोली घाटात गाडी लागते तीही हीच गोष्ट.

त्यासाठी प्रोमेथाझिन, मेक्लिझिन अशा हिस्टामिन अडवणाऱ्या गोळ्या असतात, त्याही निघण्याआधी घ्यायच्या. एकदा ढवळायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. तुमची बाकीची औषधं सांगून डॉक्टरांना विचारा. या गोळ्यांनी पेंग येते, तेव्हा त्याच दिवशी तारकर्लीला स्कूबा ठरवला असेल तर तो दुसऱ्या दिवशी ठेवा.