लिओ वराडकर खरंच मालवणचे का, आणि ते दोनदा निवडणूक जिंकून आयर्लंडचे पंतप्रधान झाले का?

घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं, पण लिओ स्वतः १९७९ साली डब्लिनमध्ये जन्मले. आणि पंतप्रधानपद दोनदा मिळालं तरी दोन्ही वेळा ते सार्वत्रिक निवडणूक जिंकून आलेलं नाही. वडील डॉ. अशोक मुंबईचे, आई मिरियम आयरिश परिचारिका. दोघांची भेट इंग्लंडात झाली. २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान असतानाच लिओ कुटुंबासह वराडला येऊन गेले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत घराण्याचं हे सगळं छापून आलं होतं.

पदाचं गणित असं:

- जून २०१७: तेव्हाचे पंतप्रधान एन्डा केनी पायउतार झाले, त्यांच्या फिने गेल पक्षाने वराडकरांना नेता निवडलं आणि ते पंतप्रधान झाले. वय ३८.
- २०२०: निवडणुकीत पक्ष जागांमध्ये तिसरा आला. फियाना फॉल आणि ग्रीन पक्षाशी आघाडी करून पद आळीपाळीने घ्यायचं ठरलं, म्हणून आधी उपपंतप्रधान.
- डिसेंबर २०२२: ठरल्याप्रमाणे पुन्हा पंतप्रधान. मार्च २०२४ मध्ये राजीनामा जाहीर, एप्रिलमध्ये सायमन हॅरिस आले.

मात्र याचा अर्थ ते मागच्या दाराने आले असा नाही. तिथे पंतप्रधान संसदेचं कनिष्ठ सभागृह निवडतं, आणि त्या सभागृहात एका पक्षाला स्वबळावर बहुमत क्वचितच मिळतं. स्वतःच्या डब्लिन वेस्ट मतदारसंघातून ते २००७ पासून सलग निवडून येत होते. त्याआधी पेशाने डॉक्टर. प्रशिक्षणाचा काही काळ मुंबईच्या केईएममध्येही काढलेला.