मुलगी म्हणते, वाचनालयांवर संशोधन करणार

पत्र : 'मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. सार्वजनिक वाचनालयांवरच संशोधन करायचं म्हणते. यात पोट भरेल का?' – एक पालक, शहापूर, बेळगाव

सप्रेम नमस्कार.

तुमची काळजी रास्त आहे. 'वाचनालय धोरणाचा अभ्यासक हवा' अशी जाहिरात निघत नाही. राज्यशास्त्राचा, इतिहासाचा प्राध्यापक होऊनच माणसं हे काम करतात. म्हणजे एम.ए., नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा), पीएच.डी. धारवाड किंवा कोल्हापूर, दोन्ही जवळच. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. कायम नोकरीला मात्र तिशी उलटू शकते, तेवढा धीर घरानं धरायला हवा. बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करून ग्रंथपाल होणं ही वेगळी वाट आहे.

पण विषय तिनं फार चांगला निवडलाय! बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. पुढं कर्नाटकचा ग्रंथालय कायदा 1965 ला आला, महाराष्ट्राचा 1967 ला, आणि दोन्हींची रीतच निराळी. तिकडे महाराष्ट्रात लोकांनी काढलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग लावून सरकार अनुदान देतं. इकडे कर्नाटकात सरकार स्वतः वाचनालयं चालवतं आणि त्यासाठी घरपट्टीवर रुपयामागे सहा पैसे उपकर घेतं. तुमच्या घरपट्टीची पावती काढा, त्यात तो दिसेल. मग वर्गणीवर उभी राहिलेली सीमाभागातली मराठी वाचनालयं कशावर तगली? हा प्रश्न पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला सुचणंही कठीण.

एका गावच्या वाचनालयात मी जुनी इतिवृत्ताची वही चाळली होती. घासलेटचा खर्च, थकलेली वर्गणी, कादंबरीची पानं फाडली म्हणून चार आणे दंड. अर्धी वही वाळवीनं खाल्लेली. अशा वह्या दरवर्षी रद्दीत जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक, थोडं स्पष्टच सांगतो. शाळेपुरत्या कन्नडवर भागणार नाही. सरकारी आदेश, पालिकेचे ठराव, उपकराचे हिशेब सगळे कन्नडमध्ये असतात. ते तिला सरळ वाचता आले पाहिजेत. सीमाभागातल्या मुलीला दोन्ही भाषांतले कागद वाचता येणं, हेच तिचं खरं भांडवल.

एम.ए.चा अर्ज भरण्याआधी, या सुट्टीत तिला एखाद्या वाचनालयाच्या कार्यवाहांकडे पाठवा. वह्या मागून घ्यायच्या, पानन् पान मोबाइलवर टिपायचं. महिनाभर हे करूनही तिला कंटाळा आला नाही, तर मला पुन्हा लिहा. विद्यापीठ आणि मार्गदर्शक कोण, ते तेव्हा ठरवू.